सरकारने गिऱ्हाईक व्हावे

दादरला कबुतरखान्यावरून रानडे रोडकडे चालत गेले, की अलीकडे दुकानांच्या पाट्यांवर चढलेला एक शब्द हटकून दिसतो: सेंद्रिय. सेंद्रिय गूळ, सेंद्रिय तूरडाळ, सेंद्रिय हळद. भाव साध्या मालाच्या दीडपट, कधी दुप्पट. गिऱ्हाईक पुडा हातात घेते, उलटसुलट करून पाहते आणि विचारते, ‘खरेच सेंद्रिय आहे ना?’ दुकानदार म्हणतो, ‘ताई, विश्वास ठेवा.’ व्यवहार जुळला तर विश्वासावर जुळतो आणि मोडला तर भावावर मोडतो.

या संवादाचे दुसरे टोक विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या बांधावर असते. वर्ध्याकडचा एक शेतकरी मला म्हणाला होता, ‘शेणखत घालायला मी तयार आहे, दशपर्णी अर्क उकळायलाही तयार आहे. पण बाजारात नेल्यावर माझी तूर शेजाऱ्याच्या तुरीच्याच ढिगात ओततात. मग माझ्या कष्टाचा वेगळेपणा उरला कुठे?’ इकडे मुंबईकराला माल हवा आहे, पण भरवसा नाही. तिकडे शेतकऱ्याकडे माल आहे, पण गिऱ्हाईक नाही. या दोघांच्या मध्ये उभे राहण्याची ताकद ज्याच्याकडे आहे ते राज्य सरकार नेमके काय करते आणि त्याने काय करावे, याचा विचार या लेखात करायचा आहे.

आधी स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी शेतकरी नाही. माझे लहानपण गिरगावातल्या एका चाळीत गेले. गावाहून दरवर्षी बोटीने उकड्या तांदळाची एक गोणी, थोडे कुळीथ आणि थोडी नाचणी भाऊच्या धक्क्यावर उतरायची. त्या तांदळाला कोणी सेंद्रिय म्हणत नसे. पण म्हणून ‘जुने ते सोने’ म्हणण्याचा मोह मला होत नाही. ती गोणी चार महिनेही पुरत नसे. उरलेले आठ महिने रेशनच्या रांगेत जायचे, आणि १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला लाल मिलो आम्हीही खाल्ला आहे. संकरित बियाणे आणि युरियाची गोणी या देशाच्या दाराशी आली ती भुकेला उत्तर म्हणून आली. सेंद्रिय शेतीविषयी बोलताना हे विसरणाऱ्याशी माझे फारसे जमत नाही.

मात्र पन्नास वर्षांपूर्वीचे ते उत्तर आज कोणाला केवढ्याला पडते, हेही विचारले पाहिजे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ही माणसे काही जगावेगळे साहस करीत नव्हती. पाठीवर पंप घेऊन ती आपले रोजचे काम करीत होती. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर बसलेली माणसे पाहिली, की ‘हे सगळे फवारणीमुळेच’ असे वाक्य अनेकांच्या तोंडून सहज बाहेर पडते. कर्करोगाची कारणे अनेक आहेत, आणि त्या माणसांच्या दुःखाचा उपयोग कोणत्याही मताच्या प्रचारासाठी करू नये. सेंद्रिय शेतीची बाजू मांडायला भीती दाखवण्याची गरज नाही. यवतमाळ पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. ४५ किलोंची युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते, कारण उरलेली किंमत केंद्र सरकार भरते. २०२२-२३ या एका वर्षात देशातले खतांवरचे अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. याचा अर्थ असा, की जो शेतकरी गोणी उचलतो त्याच्या पाठीशी सरकार उभे आहे. जो उचलत नाही तो सरकारचे पैसे वाचवतो, पण त्या बचतीतला एक रुपयाही त्याच्या हाती पडत नाही. अशा स्थितीत त्याला ‘सेंद्रियकडे वळा’ असे सांगणे म्हणजे अनवाणी माणसाला चालण्याचे फायदे सांगण्यासारखे आहे.

राज्य सरकार काहीच करीत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेत २०१५ पासून शेतकऱ्यांचे गट बांधले गेले. एकेका गटाला तीन वर्षे मदत, प्रशिक्षण आणि शेवटी प्रमाणपत्र, अशी तिची रचना. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अकोल्यात मुख्यालय ठेवून डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने सेंद्रिय शेतीचे मिशन सुरू केले. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ आणि वर्धा हे शेतकरी आत्महत्यांनी पोळलेले सहा जिल्हे त्यासाठी निवडले. २०२३ मध्ये हेच मिशन ‘नैसर्गिक शेती’ या नावाने साऱ्या राज्यात नेण्याचा निर्णय झाला आणि २५ लाख हेक्टरांचे उद्दिष्ट जाहीर झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीसाठी २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय मिशन मंजूर केले. कागदावर पाहिले तर चित्र उमेदीचे आहे.

अडचण अशी, की या बहुतेक साऱ्या योजना शेताच्या बांधापाशी संपतात. ड्रम मिळतो, गांडूळखताचा वाफा मिळतो, शिबिरे होतात. तीन वर्षे संपतात, गटाची फाईल बंद होते, आणि शेतकरी आपली तूर घेऊन पुन्हा त्याच ढिगापाशी येतो. राष्ट्रीय सेंद्रिय मानकांप्रमाणे हंगामी पिकांना सामान्यतः दोन वर्षांचा आणि फळबागांना तीन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. या काळात उत्पादन घटू शकते, पण माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येत नाही. म्हणजे सर्वांत जास्त आधार लागतो तेव्हा बाजार पाठ फिरवतो, आणि बाजाराची पाळी येते तेव्हा योजना संपलेली असते.

हा दोष एकट्या महाराष्ट्राचा नाही. सिक्कीमचे उदाहरण सगळेच देतात, पण पूर्ण देत नाहीत. तिथल्या विधानसभेने २००३ मध्ये राज्य सेंद्रिय करण्याचा ठराव केला. रासायनिक खतांवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने काढून घेतले, २०१४ मध्ये कायदा केला आणि जानेवारी २०१६ मध्ये राज्य संपूर्ण सेंद्रिय म्हणून घोषित झाले. तेरा वर्षे एका दिशेने चालणे ही आपल्या राजकारणात लहान गोष्ट नव्हे. परंतु हे सारे क्षेत्र सुमारे ७५ हजार हेक्टरांचे, आणि मुळातच तिथे रासायनिक खत फारसे वापरले जात नव्हते. एवढे करूनही, आमच्या मालाला जादा भाव कोण देणार, ही तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार राहिलीच. उलट टोकाचा धडा श्रीलंकेने दिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली, भाताचे पीक घसरले, तांदूळ आयात करण्याची पाळी आली आणि नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली. घाईने केलेले सेंद्रिय टिकत नाही, आणि सावकाश केलेलेही गिऱ्हाइकावाचून दमते, असा या दोन्हींचा अर्थ.

आता विश्वासाच्या प्रश्नाकडे वळू. लालबागच्या मिरची गल्लीत उन्हाळ्यात मसाल्याची खरेदी करणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. मिरची चिमटीत चुरून, तिचा रंग आणि वास पाहून ब्याडगी कोणती, गुंटूर कोणती, माल यंदाचा की गेल्या सालचा, हे त्या क्षणात सांगतात. या परीक्षेपुढे कोणत्याही व्यापाऱ्याची लबाडी चालत नाही. पण मिरचीवर उरलेल्या कीटकनाशकाच्या अंशाला ना रंग असतो ना वास. तिथे लालबागच्या सर्वांत चोखंदळ गृहिणीचेही काही चालत नाही. जी परीक्षा माणसाच्या बोटांना करता येत नाही, ती सरकारने करायची असते.

आणि ती सरकारला करता येते, हे महाराष्ट्रानेच सिद्ध केले आहे. २००३ मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातीवर गंडांतर आले. त्यानंतर २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी राहिली. निर्यातीच्या बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, फवारणीची नोंदवही, तोडणीपूर्वी नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग. नाशिक आणि सांगलीच्या शेतकऱ्यांनी ही शिस्त अंगवळणी पाडली. तेव्हा ‘आपल्याकडे असे होणे नाही’ हे म्हणणे खोटे आहे. आपल्याकडे असे होते. फक्त लंडनच्या मुलासाठी होते, लालबागच्या मुलासाठी होत नाही. लंडनच्या वतीने एक खमका गिऱ्हाईक बोलत होता. लालबागच्या वतीने कोणी बोलले नाही.

इथेच मला या साऱ्या प्रश्नाची किल्ली दिसते. सेंद्रिय शेतीला आजवर सरकारने उपदेशक दिले, प्रशिक्षक दिले, अनुदान दिले. तिला हवा आहे तो खमका, कायमचा आणि वेळेवर पैसे देणारा गिऱ्हाईक. असा गिऱ्हाईक होण्याची सर्वांत मोठी ऐपत खुद्द सरकारचीच आहे. रुग्णालये, आश्रमशाळा, वसतिगृहे, अंगणवाड्या, शालेय पोषण आहार, तुरुंग: राज्यात सरकारी खर्चाने रोज लाखो ताटे वाढली जातात. त्या ताटांतला थोडा भाग जरी सेंद्रिय गटांकडून घ्यायचा ठरला, तरी बाजार आपोआप उभा राहील.

ही कल्पना स्वप्नाळू नाही. कोपनहेगनच्या महापालिकेने आपल्या बालवाड्या, वृद्धाश्रम आणि शाळांच्या स्वयंपाकघरांत सेंद्रिय मालाचे प्रमाण काही वर्षांत जवळजवळ ९० टक्क्यांपर्यंत नेले. त्यासाठी आचाऱ्यांना शिकवले, नासाडी कमी केली आणि हंगामाप्रमाणे पदार्थ बदलले. श्रीमंत देशाचे उदाहरण नको असेल तर ब्राझीलचे घ्या. तिथे २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के माल छोट्या शेतकरी कुटुंबांकडून घेणे बंधनकारक केले आणि सेंद्रिय मालाला ३० टक्क्यांपर्यंत जादा भाव देण्याची मुभा ठेवली. ओडिशाने २०१७ मध्ये भरडधान्यांचे मिशन सुरू केले. सरकारने आदिवासी शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने घेतली, रेशनवर दिली आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या हातावर नाचणीचा लाडू ठेवला. ओडिशाची योजना भरडधान्यांची असली तरी तिचे तंत्र तेच: शेतकऱ्याला सांगण्याआधी स्वतः विकत घ्या.

मुंबईत याची सुरुवात कुठे करता येईल? जे.जे., सेंट जॉर्ज, कामा आणि जी.टी. ही दक्षिण मुंबईतली रुग्णालये राज्य सरकारची. परळचे के.ई.एम. महापालिकेचे. आपण एका हजार रुग्णांच्या स्वयंपाकघराचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. माणशी दिवसाला ५० ग्रॅम तूरडाळ धरली तर रोज ५० किलो, वर्षाला सुमारे १८२ क्विंटल डाळ लागते. एवढ्या डाळीसाठी साधारण २६० क्विंटल तूर हवी. कोरडवाहू जमिनीत हेक्टरी आठ क्विंटल पीक धरले तर ती सुमारे ३२ हेक्टरांत पिकते. म्हणजे योजनेतला २० हेक्टरांचा गट धरला, तर दीड गट एका स्वयंपाकघराच्या फक्त डाळीवर वर्षभर उभा राहतो. आता खर्च. सेंद्रिय डाळीला किलोमागे ३० रुपये जास्त द्यावे लागले, तर एका रुग्णामागे रोजचा जादा खर्च दीड रुपया. हजार रुग्णांचा वर्षाचा हिशेब साडेपाच लाखांच्या आत. एखाद्या खात्याच्या मेळाव्याच्या मांडवाला किती खर्च येतो, ते वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

अडचण पैशाची कमी आणि निविदेची जास्त आहे. सरकारी खरेदी सर्वांत कमी दराला होते. त्या दराला सेंद्रिय शेतकऱ्यांचा गट कंत्राटदारापुढे कधीच टिकणार नाही. म्हणून राज्य सरकारने पहिली गोष्ट करायची ती कृषी खात्यात नव्हे, तर खरेदीच्या नियमांत. ठरावीक हिस्सा शेतकरी गटांसाठी राखून ठेवावा, भाव आधी जाहीर करावा, संक्रमणकाळातला मालही थोड्या कमी अधिमूल्याने घ्यावा, आणि पैसे पंधरा दिवसांत द्यावेत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. सहा महिने बिल अडले, की शेतकरी आडत्याकडे परत जातो, आणि त्याला दोष देता येत नाही.

यावर घेतला जाणारा आक्षेप मला ऐकू येतो: कंत्राटदार खोटी प्रमाणपत्रे आणतील. आणतील, यात शंका नाही. निर्यातीतही हे झाले आहे. अमेरिकेने २०२१ मध्ये आपल्या सेंद्रिय प्रमाणपत्र व्यवस्थेची मान्यता काढून घेतली होती. म्हणूनच कागदावर न थांबता, ग्रेपनेटसारखी शेतापर्यंतची नोंद आणि अचानक घेतलेल्या नमुन्यांची तपासणी हवी, आणि तिचे निकाल स्वयंपाकघराच्या दारावर मराठीत लावलेले हवेत. सुरुवात पालेभाज्यांपासून करू नये. डाळ, तांदूळ, नाचणी, हळद, गूळ अशा टिकाऊ जिनसांपासून करावी, म्हणजे तपासणीला वेळ मिळतो आणि नासाडी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: उत्पादन घटले तर लोक खातील काय? जगभरच्या अभ्यासांत सेंद्रिय शेतीचे सरासरी उत्पादन २० ते २५ टक्क्यांनी कमी दिसते. पीक आणि जमिनीप्रमाणे हा फरक कमी-जास्त होतो. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच सारे राज्य एकदम सेंद्रिय करा, असे मी म्हणत नाही. कोरडवाहू तूर, नाचणी, कोकणातला भात, जिथे रसायनांचा वापर मुळात कमी आणि फरकही कमी, तिथून आरंभ करावा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांनी कोणत्या पट्ट्यात कोणते पीक खताच्या गोणीविना परवडते, याचे वर्षावर्षाचे खरे आकडे शेतकऱ्यांपुढे ठेवावेत, अपयशाचे आकडेसुद्धा. पैशाची सोयही आहे. केंद्राच्या २०२३ च्या ‘पीएम-प्रणाम’ योजनेत राज्याने रासायनिक खतांचा वापर घटवला, तर वाचलेल्या अनुदानाचा निम्मा भाग राज्याला देण्याची तरतूद आहे. तो पैसा याच खरेदीकडे वळवावा.

सरकारी ताटांपलीकडे उरतो तो सामान्य मुंबईकर. त्याच्यासाठी या शहराकडे स्वतःची परंपरा आहे. १९४८ मध्ये नायगावात कामगारांनी ‘अपना बाजार’ उभा केला. १९७५ मध्ये बिंदुमाधव जोशी आणि सुधीर फडके यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत आली आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा माल आणण्याची सवय मध्यमवर्गाला लागली. त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त संघटित केले. एकत्र खरेदी करणे आणि एकत्र रांधणे ही दोन्ही कामे परळ-दादरला नव्याने शिकवायला नकोत. सरकारने आणि महापालिकेने द्यायची ती फक्त जागा. या शहरात जागा हेच सर्वांत मोठे अनुदान आहे. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि शेतकऱ्यांचे आठवडे बाजार सुरू झाले, ते पाऊल चांगले होते. आता प्रत्येक महापालिका मंडईत दोन गाळे प्रमाणित गटांसाठी कायमचे राखून ठेवायला काय हरकत आहे?

जागेचा प्रश्न किती मूलभूत आहे, हे पावसाळ्यात दादर स्टेशनबाहेर कळते. पालघर-डहाणूकडच्या बायका पहाटेच्या गाडीने टाकळा, कुर्डू, शेवळे, करटोली घेऊन येतात. या शहरात मिळणारी सर्वांत निर्विष भाजी तीच असावी. तिला ना खत लागते ना फवारा. राज्याचे कृषी खाते अलीकडे रानभाज्यांचे महोत्सव भरवते, हे चांगलेच. पण गाडी आली, की याच बायकांना टोपली उचलून पळावे लागते. महोत्सवाच्या मांडवापेक्षा त्यांना चार फूट फरसबंदी जास्त उपयोगी पडेल.

एक गोष्ट उरते, ती शेताकडे परत जाणाऱ्या खताची. सेंद्रिय शेतीला लागणारे शेणखत गावोगाव कमी पडते आहे, कारण गुरेच कमी झाली. आणि हे शहर रोज गाड्या भरभरून ओला कचरा फेकते. २०१७ पासून महापालिकेने मोठ्या गृहसंकुलांना आपला ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरात तर त्याआधीच, २००२ च्या सुमारास, प्रीती पाटील यांनी कचऱ्याचे खत करून गच्चीवर भाजी फुलवून दाखवली. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला भाजीचा कचरा, दादरच्या फूलबाजारातली फुले, देवळांतले निर्माल्य, यांचे वेगळे गोळा केलेले आणि जड धातूंसाठी तपासलेले खत डाळ घेऊन आलेल्या ट्रकमध्येच परत पाठवता येईल. ट्रक नाहीतरी रिकामाच जातो.

राज्यापुढे २५ लाख हेक्टरांचे उद्दिष्ट आहे. एवढा मोठा आकडा ऐकून वर्ध्याचा शेतकरी बी बदलणार नाही. पण जे.जे.च्या स्वयंपाकघराला पुढली तीन वर्षे लागणारी तूरडाळ अमुक गटांकडून, अमुक भावाने, पंधरा दिवसांत पैसे देऊन घेतली जाईल, असा एका पानाचा आदेश निघाला, तर तो बदलेल. तेवढा आदेश आधी निघावा. खरिपाच्या पेरणीआधी निघाला, तर पहिली डाळ पुढच्या उन्हाळ्यात शिजू शकेल.